आठ मुलांची भाजी कुठे गेली?

शाळेत दोनशे मुले जेवणार आहेत. प्रत्येकाला ५० ग्रॅम भाजी द्यायची, म्हणजे १० किलो. निवडण्या-सोलण्यात २० टक्के भाग वाया जात असेल, तर बाजारातून किती आणावी? आहारशास्त्राचा विद्यार्थी दहा किलोत २० टक्के मिळवून सहज १२ किलो असे उत्तर देऊन जातो. पण १२ किलोतून २० टक्के गेले की उरते ९.६ किलो. तूट ४०० ग्रॅमची, अर्थात आठ मुलांच्या भाजीची! येथे १० ला ०.८ ने भागावे लागते. साडेबारा किलो हे खरे उत्तर.

५० ग्रॅमचा आकडाही मनचा नाही. प्रधानमंत्री पोषण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलासाठी तेवढेच प्रमाण ठरलेले आहे. भाजी मटारची असेल आणि शेंगांत निम्मे वजन सालींचे धरले, तर हीच चूक तब्बल पन्नास मुलांची भाजी गिळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ ची कोष्टके खाद्य भागाच्या १०० ग्रॅममागे पोषणमूल्ये देतात. भाजीवाल्याचे बिल मात्र सालीसकट वजनाचे येते. रुग्णालयाचे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या आहारतज्ज्ञाला या दोहोंचा मेळ रोज घालावा लागतो.

हे गणित शालेय पातळीचेच आहे, आणि अडचणही तिथेच आहे. ‘एवढेही येत नाही?’ या धास्तीने वर्गात कोणी शंका विचारत नाही आणि शिक्षक पुढच्या धड्याकडे वळतात. स्वयंगतीने शिकण्याच्या पद्धतीत ही वाट बंद होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेड केलर यांनी सहकाऱ्यांसह १९६४ मध्ये ब्राझिलियात ती राबवली. अभ्यासक्रमाचे लहान घटक पाडायचे, प्रत्येकाच्या शेवटी छोटी चाचणी घ्यायची आणि घटक पक्का झाल्याखेरीज पुढचा द्यायचा नाही. चाचणी पुन्हा दिल्याबद्दल गुण कापले जात नाहीत. उत्तर तपासतो तो अभ्यासक्रम आधी पार केलेला विद्यार्थी, तोही समोर बसवून. त्यामुळे ‘१२ किलो’ कुठून आले, हे तिथल्या तिथे उघड होते.

पद्धतीत एक खोट आहेच : स्वतःची गती म्हटली की चालढकल आली. म्हणून घटकांना शेवटची तारीख द्यावी लागते. आणि निदान एक घटक कागदावर नको. तराजू, सुरी आणि दोन किलो दुधी भोपळा विद्यार्थ्यापुढे ठेवावा. सोलून झाल्यावर उरलेल्या वजनावरून टक्केवारी त्यानेच काढावी.