लढाई मागच्या दाराची

दुसऱ्या महायुद्धातल्या पायदळाच्या चकमकी पटावर खेळायच्या म्हटल्या की आजही ‘स्क्वाड लीडर’चे नाव निघतेच. जॉन हिलने रचलेला हा खेळ अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीने 1977 मध्ये बाजारात आणला. 1985 मध्ये त्याचा वाढवलेला अवतार ‘अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वाड लीडर’ आला, तो जाडजूड नियमावलीची फाइल घेऊनच. पटावर षटकोनांची जाळी असते, एक षटकोन म्हणजे 40 मीटर आणि एक फेरी म्हणजे साधारण दोन मिनिटे. पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगटीवर तीन आकडे छापलेले असतात. जर्मन तुकडीचे 4-6-7 म्हणजे मारा चार, पल्ला सहा षटकोन, मनोबल सात. नवा खेळाडू यातला पहिला आकडा बघतो आणि जास्तीत जास्त सोंगट्या एका रांगेत आणून समोरच्या इमारतीवर फासे टाकत बसतो. या खेळात हरायची ही सगळ्यात खात्रीची रीत आहे. इथे डाव ठरतो तो बचाव करणाऱ्याच्या पाठीमागच्या दोन-तीन षटकोनांत. त्याला मागे सरकायची वाट उरली आहे की नाही, या एका प्रश्नाभोवती चढाई आणि बचाव दोन्ही फिरतात.

हिशेब मांडून बघा. समजा, एखाद्या माऱ्याचा परिणाम व्हायला दोन फाशांची बेरीज सहा किंवा त्याखाली यावी लागते. एरवी 36 पैकी 15 वेळा ती येते. दगडी इमारतीतल्या माणसांना तीनची आड मिळते, म्हणजे फाशांवर तीन किंवा त्याहून कमी पडायला हवे. ते 36 पैकी तीनच वेळा पडते. उलट उघड्या रस्त्यावर धावणाऱ्यावर वजा दोन लागतात आणि तोच मारा 36 पैकी 26 वेळा लागू पडतो. मारा तोच, तुकडी तीच, फरक फक्त भिंतीचा. शिवाय मारा लागला तरी समोरची तुकडी बहुधा मरत नाही, भेदरते. भेदरलेली सोंगटी उलटी करून मागे पळवायची, तिथे नायकाने तिला सावरायचे आणि एक-दोन फेऱ्यांनी ती पुन्हा बंदूक घेऊन हजर. म्हणजे समोरून झोडपणाऱ्याने महागडी फेरी खर्चून शत्रूला थोडी विश्रांतीच दिली. पण हीच भेदरलेली तुकडी पळू शकली नाही, तर नियमानुसार ती नष्ट झालेली किंवा शरण आलेली धरतात. एकाच फाशाचे मोल पाठीमागची वाट उघडी आहे की बंद, यावर असे पालटते. कबड्डी पाहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. तिथेही चढाई करणाऱ्याला नुसते धरून भागत नाही, मध्यरेषेकडे परतायची त्याची वाट अडवावी लागते.

आता स्टालिनग्राडमधला एक रस्ता डोळ्यांसमोर आणा. दगडी इमारतीत रशियन 4-4-7, रस्त्याच्या अलीकडे जर्मन. जाणता जर्मन खेळाडू नायकाच्या मदतीने एका तुकडीचे दोन तुकडे करतो आणि त्यातली अर्धी तुकडी एकटीच रस्त्यात सोडतो. रशियनापुढे पेच उभा राहतो. मारा केला तर सोंगटीवर ‘मारा झाला’ची खूण बसते. मग या फेरीत पुन्हा गोळी झाडता येते, पण निम्म्या जोराने, आणि तीही सगळ्यात जवळचा शत्रू जितका लांब आहे त्यापलीकडे नाही. मारा केला नाही तर अर्धी तुकडी थेट खिडकीखाली येते. तिच्यामागून दुसरी अर्धी निघते, मग रस्त्यात धुराची नळकांडी पडतात आणि शेवटी पूर्ण तुकडी धुराआडून इमारतीला वळसा घालून मागच्या अंगणात पोचते. इतक्या वेळात जर्मनांनी एकही निर्णायक मारा केलेला नसतो. आधी बंदूक रिकामी करवली आणि मग दार लावले, एवढेच झाले. आमिषाला पाठवलेली अर्धी तुकडी भेदरली तर भेदरली; तिचे काम झालेले असते.

बचाव करणाऱ्याची विद्याही याच दारावर उभी आहे. मुरलेला खेळाडू आपल्या पाळीत तुकडी एक षटकोन मागे, नजरेआड नेतो. शत्रूचा बचावी मारा रिकाम्या खिडकीवर वाया जातो आणि पाळीच्या अखेरीस, आगेकूच करायच्या टप्प्यात, तुकडी पुन्हा खिडकीत हजर. खेळाडू याला ‘स्कल्किंग’ म्हणतात आणि यावरून त्यांचे आजही वाद होतात. खरे सैनिक दर दोन मिनिटांनी असे आत-बाहेर करतात का, हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. नियमांच्या क्रमातली फट वापरण्याचा वास त्याला येतोच. पण दोन मिनिटांच्या गोळीबारात कुणी खिडकीत पुतळ्यासारखा उभा राहत नाही, तो खाली बसतो, खोली बदलतो. जॉन हिल ज्याला परिणामासाठी रचना म्हणत असे, ती हीच: बारीक कृती सोडून द्यायची, तिचा निकाल बरोबर आला की झाले. आणि या युक्तीला उतारा पटावरच आहे. जिथे तुकडी लपते तो मागचा षटकोन दिसेल अशा जागी एक मशीनगन नेऊन ठेवा, स्कल्किंग तिथेच संपते. म्हणजे पुन्हा बाजूने वळसा, पुन्हा मागचे दार.

फाशांचा आक्षेप तर सनातनच आहे: एका दोनने सगळी योजना कोसळते. कोसळते खरी. पण वाट उघडी ठेवून खेळणाऱ्याला वाईट फासा एका इमारतीपुरता महाग पडतो, कोंडून घेतलेल्याला अख्ख्या तुकडीपुरता. फासे दोघांचे सारखेच, त्यांची किंमत वेगळी.

माझ्या म्हणण्याला खरा छेद देतो तो शेवटच्या फेरीचा नियम. बहुतेक प्रसंगांना, म्हणजे पटावर मांडलेल्या लढायांना, फेऱ्यांची मर्यादा असते. फेऱ्या संपत आल्या की मागे सरकण्यात अर्थ उरत नाही, कारण मागे सरकून परत यायला वेळच नसतो. तोवर गनिमी काव्याने लढलेल्या बचावाला मग पाय रोवावे लागतात आणि तोवर वळसे घेत आलेल्या चढाईला समोरून, सगळ्या तोफाबंदुकांनिशी घुसावे लागते. म्हणून बचावाचा आराखडा उलटा करतात: आधी अखेरची इमारत निवडायची, मग तिथवर पोचायच्या वाटा, आणि सगळ्यात शेवटी पुढची फळी. चढाई करणाऱ्याने पहिल्या फेऱ्यांत किती तुकड्यांची वाट बंद केली, ते त्या अखेरच्या इमारतीत किती सोंगट्या उरल्या यावरून कळते. पुष्कळ प्रसंगांत मेलेल्यांचे गुण धरतच नाहीत. फेऱ्या संपल्या की इमारत कुणाच्या ताब्यात आहे, तेवढेच बघतात.