कॅल्क्युलसची घाई कोणाला?

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे राहिले की पूर्वी व्हिसा आणि ग्रीन कार्ड हे विषय निघत. मुले मोठी झाली तसा विषय बदलला. आता पहिला प्रश्न असतो, "तुमचा कितवीत? आणि गणित कुठलं घेतलंय?" शेजारच्याचा मुलगा आपल्या मुलाच्या एक वर्ष पुढे आहे असे कळले की त्या दिवशीचे श्रीखंड गोड लागत नाही. मीही त्याच रांगेतला. व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट. तेव्हा घरातला गणिताचा कारभार आपोआपच माझ्याकडे आला. त्या कारभारात माझ्या हातून झालेली चूक आणि तिने शिकवलेले चार शब्द इथे मांडतो.

आपला गोंधळ मुळात आपल्याच शालेय शिक्षणातून येतो. महाराष्ट्रात आपण दहावीपर्यंत बीजगणित आणि भूमिती दरवर्षी बरोबरीने शिकलो. सायन्सला गेल्यावर बारावीत डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन आपसूक समोर आले. इथे बहुतेक शाळांत एकेका वर्षाला एकेक विषय असतो : अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस आणि मग कॅल्क्युलस. काही शाळा पहिली तीन वर्षे विषय एकत्र करून शिकवतात, पण पायऱ्या त्याच.

आता हिशेब करून पाहा. अल्जिब्रा १ नववीत घेतले तर बारावीत प्रीकॅल्क्युलस होते. आठवीत घेतले तर बारावीत कॅल्क्युलस, आणि सातवीत घेतले तर अकरावीतच. म्हणजे बारावीचा निर्णय पुष्कळदा सहावी-सातवीतच होऊन जातो. म्हणून आपण घाई करतो, आणि ती अगदीच निराधार नसते.

शाळेतल्या एपी कॅल्क्युलसचे दोन प्रकार आहेत. एबी म्हणजे साधारण कॉलेजचे पहिले सेमिस्टर, तर बीसी म्हणजे साधारण दोन सेमिस्टर. त्यात अनंत श्रेणी वगैरे जास्तीचा भाग येतो. परीक्षा मे महिन्यात होते आणि गुण १ ते ५ मिळतात. या गुणांवर काय सवलत द्यायची ते प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवते. एमआयटी पहिल्या कॅल्क्युलसची सूट देते ती बीसीमध्ये ५ मिळाले तरच. कॅलटेक तर एपीचे क्रेडिट देतच नाही.

आमच्या चिरंजीवांनी सातवीत अल्जिब्रा घेतले. त्यावर माझे समाधान झाले नाही. दहावीआधीच्या उन्हाळ्यात सहा आठवड्यांत प्रीकॅल्क्युलस उरकून मी त्याला आणखी एक पायरी वर चढवले. दहावीत एबी, अकरावीत बीसी, आणि बीसीत ४. रांगेत मी ताठ मानेने उभा राहू लागलो. बारावीत शाळेकडे पुढचे गणित नव्हते, म्हणून ते वर्ष गणिताविना गेले. कॉलेजने ४ गुण मान्य केले आणि स्वारी थेट मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलसच्या वर्गात जाऊन बसली.

पहिल्या मिडटर्मला १०० पैकी ३८. रात्री अकराला फोन आला. "बाबा, मी इंजिनिअरिंग सोडू का?"

शनिवारी जाऊन त्याचा पेपर पाहिला. इंटिग्रेशनची सूत्रे त्याला पाठ होती. पण वर्तुळाकार प्रदेशावर इंटिग्रल मांडताना सीमा कुठून कुठवर घ्यायच्या ते सुचत नव्हते, आणि साइन-कोसाइनचे साधे रूपांतर दर वेळी चुकत होते. सहा आठवड्यांत उरकलेला भाग तो नेमका हाच! चूक त्याची नव्हती. त्याने तो वर्ग सोडला आणि पुढच्या सेमिस्टरला कॅल्क्युलसचा दुसरा भाग पुन्हा घेतला. इंजिनिअरिंग सुटले नाही, पण आपण या विषयातले नाही ही त्याच्या मनात बसलेली भीती जायला वर्ष लागले. वाचवलेले सेमिस्टर असे व्याजासकट परत गेले.

धाकटीच्या वेळी आम्ही आखणी उलट्या बाजूने केली. ती अशी :

पहिले, कॉलेजातला विषय अंदाजे ठरवून तिथून मागे यावे. इंजिनिअरिंग किंवा फिजिक्स हवे असेल तर बारावीपर्यंत कॅल्क्युलस असलेले बरे. मानसशास्त्र वा समाजशास्त्राकडे ओढा असेल तर एपी स्टॅटिस्टिक्स जास्त उपयोगी; ही परीक्षा १९९७ पासून आहे. पण अल्जिब्रा २ कोणीही टाळू नये. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये स्पष्ट केले, की डेटा सायन्सचे प्रास्ताविक वर्ग अल्जिब्रा २ ची जागा घेऊ शकत नाहीत.

दुसरे, उन्हाळा पायरी गाळण्यासाठी नव्हे, कच्चे पक्के करण्यासाठी वापरावा. अपूर्णांक, घातांक आणि ट्रिगनॉमेट्री न अडखळता येते का, हे घरी तपासता येते.

तिसरे, बारावी गणिताविना घालवू नये. शाळेत वर्ग नसेल तर स्टॅटिस्टिक्स किंवा जवळच्या कम्युनिटी कॉलेजातला वर्ग पाहावा.

चौथे, एपीचे क्रेडिट ही परवानगी आहे, हुकूम नव्हे. वगळायच्या वर्गाची जुनी अंतिम परीक्षा मुलाला वेळ लावून सोडवू द्यावी. नीट जमली तर पुढे जावे, नाही तर तोच वर्ग निमूटपणे घ्यावा.

२०१२ मध्ये गणित शिक्षकांच्या आणि कॉलेज-प्राध्यापकांच्या दोन राष्ट्रीय संघटनांनी संयुक्त निवेदनात हेच सांगितले होते : शालेय गणिताचे अंतिम ध्येय कॅल्क्युलस गाठणे हे नसून, कॉलेजातल्या गणितासाठी भक्कम पाया घालणे हे आहे. माझ्या स्वतःच्या कामातही लिनियर अल्जिब्रा आणि प्रॉबॅबिलिटी रोज लागते. कॅल्क्युलस मी कितवीत शिकलो हे आजवर कोणी विचारलेले नाही.

धाकटी आता बारावीत आहे आणि कॅल्क्युलस एबी शिकते आहे. परवा रांगेत एकाने विचारले, "फक्त एबी?" मी "हो" म्हटले आणि श्रीखंड वाढून घेतले.