फितीवरचा संगणक

सौंसर-पांढुर्ण्याकडील संत्र्याच्या बागेत राबणाऱ्या तरुणाच्या खिशातही आज मोबाइलच्या रूपाने संगणक असतो. अशा वेळी घरगुती संगणकाचे बाळरूप आठवून आम्हांस नवल वाटते.

ब्रिटनमध्ये १९८२ साली निघालेल्या ‘स्पेक्ट्रम’ची सुधारित आवृत्ती १९८८ साली डेसिबेल्स कंपनीने परवान्याने भारतात आणली. तिची स्मृती अवघी ४८ किलोबाइट! पडदा म्हणजे घरचाच दूरदर्शन संच, आणि आज्ञावली साठवायची ती गाण्यांच्या साध्या कॅसेटवर. वीज गेली की न साठवलेले सारे पुसले जाई. परंतु सुरू होताच ते यंत्र मुकाट्याने आज्ञेची वाट पाही. त्याची ‘बेसिक’ भाषा शिकून मूल त्याला नवे काम शिकवी. ते केवळ ग्राहक न राहता यंत्राचे गुरुजी होई.

आम्हांस ओढ वाटते ती त्या जिज्ञासेची व धीराची. वाचकहो, आपल्या माळ्यावर वा शहरातील नातलगांकडे असा जुना संच, अशी कॅसेट असेल, तर ती भंगारात घालण्यापूर्वी क्षणभर थांबा. फितीवरील चुंबकीय लेखन वर्षांगणिक क्षीण होत जाते. आणि घरातील कोणी बालपणी स्वतः रचलेली आज्ञावली कदाचित त्या एकाच फितीवर उरली असेल.