कोर्टाची पायरी, पोटच्या पोरासाठी

मुलगा तीन दिवस घरी नाही. आई-बाप आधी नातेवाइकांकडे धावतात, मग पोलीस ठाण्यात. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात पालकांना आणखी एक दार उघडे आहे. 1995 च्या कायद्याने त्यांना आपल्या अल्पवयीन मुलावर देखरेख ठेवा, असा अर्ज बाल न्यायालयात करता येतो. मुलगा सलग 72 तास परवानगीशिवाय बाहेर राहिला, कोणाच्या जिवाला धोका व्हावा इतका हाताबाहेर गेला किंवा नशेच्या आहारी गेला, तर एवढे कारण पुरते. गुन्हा घडलेला असावा लागत नाही. न्यायाधीश शाळा, घरी परतायची वेळ, समुपदेशन, व्यसनोपचार ठरवून देतात.

आम्हाला यातल्या दोन गोष्टी मोलाच्या वाटल्या. मुलाला वकील मिळतो, म्हणजे त्याचीही बाजू ऐकली जाते. आणि समुपदेशनाला बसण्याचा हुकूम आई-बापांनाही होऊ शकतो. पोराला कोर्टाच्या हवाली केले, आता आपण सुटलो, असे तिथे चालत नाही.

पूर्वी हुकूम मोडणाऱ्या मुलाला काही दिवस कोठडीत ठेवता येत असे. 2019 मध्ये कायदा बदलून ती वाट टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले. धाक गेला, असे काही पालक म्हणतीलही. पण ज्याने गुन्हाच केला नाही, त्याला कोठडीत कोणाची संगत लागली असती?