बी नसलेले झाड

मे महिन्यात पिंपळगाव राजाला भर दुपारी कोणी कोणाच्या दारी जात नाही. बुलडाणा जिल्ह्यातला हा खामगाव तालुक्याचा भाग; पारा सहज 43-44 अंशांवर चढतो. गुरे कडुनिंबाखाली, माणसे घरात आणि रस्त्यावर फक्त झळा. दिवेलागणीला मात्र एखाद्या आवाराच्या भिंतीवरून मोगऱ्याचा वास येतो आणि दिवसभर मुके असलेले गाव बोलू लागते. बाकीची झाडे कसाबसा जीव धरून असतात, तेव्हा हे झुडूप ऐन भरात असते.

या मोगऱ्याची एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्या अंगणातल्या मोगऱ्याला बहुधा बी धरतच नाही. बटमोगऱ्यासारख्या भरगच्च जातींत पाकळ्या वाढल्या त्या पुंकेसरांच्या मोबदल्यात. कडुनिंबाची बी पाखरे नेतात, रुईची म्हातारी वाऱ्यावर उडते. मोगऱ्याला मात्र एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जायला माणसाचा हात लागतो. तुमच्या दारचा मोगरा कधीतरी कोणाच्या तरी हाताने आलेला आहे, आणि त्या हाताकडेही तो असाच आलेला. याच वाटेने तो समुद्रापार गेला. फिलिपिन्सने तर 1934 साली त्याला राष्ट्रीय फुलाचा मान दिला.

बँकेतल्या पहिल्या नेमणुकीवर मी निघालो, तेव्हा शेजारच्या आजींनी ओल्या गोणपाटात गुंडाळलेले रोप हातात ठेवले. म्हणाल्या, ‘‘घेऊन जाय, बाबू, पन पुढं कोनाले तरी देजो बरं.’’ पुढे बदल्या होत गेल्या. प्रत्येक गावी नवे रोप लावायचे आणि निघताना शेजारी एक देऊन जायचे, हा नेम झाला. ठेवी आणि कर्जे यांत आयुष्य गेले. पण परत न मागता फिरत राहणारे भांडवल मी एवढे एकच पाहिले.

रोप करणे अवघड नाही. जून-जुलैत जमिनीलगतची पेन्सिलीएवढी जाड फांदी वाकवावी. पेराजवळ थोडी साल खरवडून तेवढा भाग मातीत दाबावा, शेंडा बाहेर ठेवावा आणि वर दगड ठेवावा. हे दाब कलम. दोन-तीन महिन्यांत मुळे फुटली की आईपासून तोडून वेगळे लावावे.

पुढची निगा म्हणजे निम्मी माया आणि निम्मा कठोरपणा. डिसेंबरात पाणी तोडावे, पाने गळू द्यावीत. जानेवारीत हात-दीड हात उंची ठेवून छाटणी करावी. जीव कचरतो खरा. पण मोगरा फुलतो तो नव्या फुटीवरच. मग माती हलवून शेणखत घालावे आणि पाणी सुरू करावे. मार्चपासून कळ्या दिसू लागतात. त्यानंतर उन्हाळाभर पाणी चुकवू नये. टंचाईच्या दिवसांत तांदूळ-डाळ धुतलेले पाणीही त्याला चालते. ऊन मात्र पाच-सहा तास हवेच. सावलीत नुसतीच पाने वाढतात.

आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. म्हणून खड्ड्यात मुरूम मिसळावा, जागा थोडी उंच करावी. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर लोह कमी पडते असे समजावे. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस घालून फवारावे. कळ्यांना भोके दिसली तर आत अळी असते. त्या कळ्या खुडून नष्ट कराव्यात आणि निंबोळी अर्क फवारावा.

खुडलेली कळीही देणे थांबवत नाही. दुपारी तोडलेली कळी रात्री वाटीत किंवा वेणीत उमलते. चीनमध्ये अशाच कळ्या रात्रभर चहाच्या पत्तीत मिसळून ठेवतात; त्या उमलतात आणि पत्ती सुगंध पिते. आपल्याकडे माठात चार फुले टाकणाऱ्या बायकांना ही विद्या कोणी शिकवावी लागली नाही.

आता आवारे फरशीची झाली आहेत. न्हाणीचे पाणी ज्या झाडांना जाई, ते नळीतून गटारात जाते. चिखल गेला, पाय स्वच्छ राहतात, हे चांगलेच झाले. पण घर नवे बांधताना कोपऱ्यातले झुडूप उपटले जाते, तेव्हा एक साखळी तिथे तुटते. आणि बी नसल्यामुळे त्या जागी ते पुन्हा आपोआप उगवत नाही. रोपवाटिकेत मोगरा विकत मिळतो, नाही असे नाही. पण आजीच्या हातचा तोच मोगरा मिळत नाही. एका मोगऱ्यापुरती चौदा इंची कुंडीही पुरते.

तेव्हा घर पाडायचे ठरले असेल, तर आधी एक फांदी वाचवा. नसेल ठरले, तरी येत्या पावसाळ्यात एक दाबून ठेवा. दसऱ्यापर्यंत तिला मुळे फुटलेली असतील. आपट्याचे सोने द्यायला शेजारी जाल, तेव्हा ते रोपही सोबत न्या.