गुडघेदुखी : बसणें, वजन आणि विहिरीचें पाणी

खरिपाचें निंदण-खुरपण आटोपत आलें कीं आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत घरोघरीं गुडघे धरल्याची तक्रार ऐकूं येते. “वय झालें, आतां असेंच चालावयाचें,” असें म्हणून तेल चोळावें व दुखणें सोसावें, ही आपल्याकडील वहिवाट आहे. परंतु कपाशी पिवळी पडली असतां जाणता शेतकरी नुसतें पान पाहून थांबत नाहीं. मुळाशीं पाणी सांचलें कीं खत कमी पडलें, याचा तो शोध करितो. गुडघ्याच्या बाबतींतहि तीच रीत धरावी, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

मांडीच्या व नडगीच्या हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचें आवरण असतें. तिच्यांत रक्तवाहिन्या नसतात. तिचें पोषण सांध्यांतील द्रवानें होतें आणि चालतांना सांध्यावर भार पडला व सुटला म्हणजे तो द्रव तिच्यांत खेळतो. ही कूर्चा झिजूं लागली कीं उठतां-बसतां कळ येते व सकाळीं सांधा थोडा वेळ आंखडतो. वाढतें वय, वाढलेलें वजन, जुनी दुखापत, तासन्‌तास उकिडवें बसणें व जड ओझीं वाहणें हीं या झिजेचीं मुख्य कारणें होत.

यावरील उपाय साधा, पण चिकाटीचा आहे. स्थूल माणसाचें वजन एक किलो घटलें तर चालतांना पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारें चार किलोंनीं हलका होतो. मांडीचे स्नायु हा गुडघ्याचा खरा आधार. पाय लांब करून बसावें, गुडघ्याखालीं गुंडाळलेला पंचा ठेवावा, गुडघ्यानें तो खालीं दाबून पांच अंक मोजावे व सोडावा. असें दहा वेळां, सकाळ-सायंकाळ करावें. गुण येण्यास कांहीं आठवडे लागतात. दुखतें म्हणून अंथरूण धरणें हिताचें नाहीं. सपाट वाटेनें रोज बेतानें चालावें. निंदणाऱ्या बायांस लांब दांड्याचें अवजार अगर बसावयास लहानसा पाट देणें हें मालकाचें काम आहे.

परंतु ज्या घरीं तरुण माणसांचेहि गुडघे, कंबर व मान धरलेलीं आहेत, तेथें वयास दोष न देतां आधीं विहिरीकडे पाहावें. पांढरकवडा भागांतील भूजलांत फ्लोराईड अधिक असल्याचें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय पाहणींत नमूद आहे. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड असावें. दुसरें पाणी नसल्यास फार तर १.५. याहून बरेंच अधिक फ्लोराईड वर्षानुवर्षें पोटांत गेल्यास तें हाडांत सांचतें, अस्थिबंध ताठरतात व मुलांचे पायहि वांकडे होतात. मुलांच्या दांतांवर आडवे पिवळे-तपकिरी पट्टे दिसूं लागणें ही पहिली खूण. हनुवटी छातीस न टेकणें, अगर गुडघे न वांकवितां जमिनीवरचें नाणें न उचलतां येणें, ही मोठ्या माणसांतील खूण; मात्र ती इतर दुखण्यांतहि आढळते, म्हणून निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावें.

असें पाणी रंगावरून वा वासावरून ओळखतां येत नाहीं. उकळल्यानेंहि दोष जात नाहीं. पाणी आटून तो उलट वाढतो. तुरटी व चुना वापरून फ्लोराईड काढण्याची ‘नालगोंडा पद्धत’ नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेनें बसविली आहे. पण मात्रा पाण्याच्या तपासणीवरून ठरते, ती अंदाजानें घालूं नये. शेजारच्या दोन विहिरींच्या पाण्यांतहि अंतर असूं शकतें, म्हणून चांगला झरा शोधणें हा पहिला उपाय. मुलांस दूध व हिरव्या भाज्या पुरेशा द्याव्या.

दुकानांतून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्यास जठर व मूत्रपिंड यांस अपाय होतो. गुडघा लाल व ऊन होऊन सुजला व ताप आला, किंवा पडल्यावर पायावर भार घेववत नाहीं असें झालें, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

झिजलेल्या गुडघ्यास व्यायामानें पुष्कळ आराम मिळतो आणि अगदींच निरुपाय झाल्यास शस्त्रक्रिया आहे. परंतु हाडांत मुरलेलें फ्लोराईड काढून टाकणारें खात्रीचें औषध नाहीं. वेळींच पाणी बदलणें एवढेंच आपल्या हातीं असतें. शेतासाठीं आपण बोअर खोदतों. त्याच बोअरचें पाणी आपलीं मुलें व आपले मजूर पितात. मातीची तपासणी करवून घेणाऱ्या आमच्या बंधूंनीं या हंगामांत पाण्याचीहि एक बाटली भरून तपासणीस धाडावी, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.