मणक्याच्या ऑपरेशननंतर: दुसऱ्या रुग्णाला काय विचारावे, काय विचारू नये

मणक्याचे ऑपरेशन करून घरी आलेल्या माणसाजवळ डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांची पिशवी आणि बहुधा एक पट्टा असतो. कार्डावर चार ओळी असतात: वाकू नका, वजन उचलू नका, थोडे थोडे चाला, टाके काढायला या. खरे प्रश्न त्यानंतर सुरू होतात. रात्री कूस कशी बदलायची? शिंक आली तर टाके तुटतील का? पाय अजून बधिर आहे, म्हणजे ऑपरेशन फसले का? रात्री अकरा वाजता यासाठी सर्जनला फोन करायला संकोच वाटतो आणि घरच्यांना उत्तर माहीत नसते. भेटायला येणाऱ्यांपैकी निम्मे तर ‘पाठीचं ऑपरेशन करायलाच नको होतं’ असे सांगून जातात.

अशा वेळी यातून स्वतः गेलेला माणूस फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर मिळाला तर फार आधार होतो. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत बोस्टनमध्ये १९५१ साली हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांनी ‘मेंडेड हार्ट्स’ नावाची संघटना काढली. अनुभवी रुग्णाने नव्या रुग्णाला जाऊन भेटायचे, एवढेच तिचे मूळ काम. आपल्याकडे पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण आणि त्यांच्या कुटुंबीयांना असेच एकत्र आणते. पाठीच्या रुग्णाला तर घराबाहेर पडणेच अवघड असते, त्यामुळे त्याच्यासाठी फोन हाच कट्टा.

मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. दुसऱ्या रुग्णाचा अनुभव दिवस कसे काढायचे हे शिकायला उपयोगी पडतो. कोणते औषध घ्यायचे, किंवा आपली सुधारणा वेळेवर होते आहे की नाही, हे ठरवायला तो चालत नाही.

आधी विचारा: ‘तुमचं नेमकं कोणतं ऑपरेशन?’

‘माझंही एल-फोर एल-फाइव्हचंच आहे’ एवढ्याने दोन पाठी सारख्या होत नाहीत. तो फक्त पत्ता झाला. त्या पत्त्यावर काय काम केले ते वेगळे असू शकते. एकाच्या सरकलेल्या गादीचा नसेवर दाबणारा तुकडा काढलेला असतो. असा रुग्ण बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालतो आणि बैठे काम असेल तर काही आठवड्यांत कामावर जातो. दुसऱ्याची, बहुतेक वेळा उतारवयातली, मज्जारज्जूच्या नळीतली जागा अरुंद झालेली असते, म्हणून हाड कोरून नसांना जागा करून दिलेली असते. तिसऱ्याला स्क्रू आणि सळ्या बसवून दोन मणके एकत्र जोडलेले असतात. तिथे हाड जुळून यायला कित्येक महिने, कधी वर्षही लागते. आता पहिल्या रुग्णाने ‘मी तिसऱ्या आठवड्यात ऑफिसला गेलो’ असे लिहिले आणि तिसऱ्याने ते पलंगावर पडून वाचले, तर त्याचे काय होत असेल?

ऑपरेशन एकच असले तरी ते होण्याआधी नस किती दिवस दबलेली होती, वय किती, मधुमेह आहे का, तंबाखू आहे का, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. त्यात नसेच्या तक्रारी एकाच वेगाने जात नाहीत. पायात जाणारी कळ बहुधा सर्वांत आधी कमी होते, अनेकदा पहिल्या काही दिवसांतच. पायातली ताकद व्यायामाने आठवड्या-महिन्यांत येते. बधिरपणा सर्वांत आळशी. तो महिनोन् महिने रेंगाळतो आणि काहींचा थोडा कायमही राहतो. मधूनच एखादा दिवस कळ परत डोकावते, तेही पहिल्या आठवड्यांत बऱ्याच जणांना होते. हे माहीत नसेल तर माणूस दुसऱ्याच्या तारखा वाचून स्वतःला नापास करतो.

विचारण्यासारखे काय?

डॉक्टरांकडून पाच मिनिटांत सुटून जाते ते सगळे. पलंगावरून उठण्याचेच पाहा. आम्ही सांगतो, ‘कुशीवर वळून उठा.’ अनुभवी रुग्ण सांगतो की आधी गुडघे दुमडायचे, मग खांदे आणि कंबर ओंडक्यासारखी एकदम वळवायची, पाय पलंगाखाली सोडत हातांनी रेटा द्यायचा आणि हे सगळे करताना श्वास रोखायचा नाही. त्याने ते दिवसातून दहा वेळा केलेले असते. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर पहिले काही आठवडे कसे भागवले, कमोडची खुर्ची भाड्याने आणली की विकत, हे त्यालाच विचारा. पायमोजे कोणी घातले, कडेच्या फळीवरचे डबे ओट्यावर आणून ठेवले का, खड्ड्यांतून रिक्षाने जाताना कसे बसले, जमिनीवर मांडी घालून बसायला सर्जनने केव्हा परवानगी दिली, हेही. (शेवटच्याचे उत्तर ऐका, पण परवानगी तुमच्या सर्जनकडूनच घ्या.) ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होते आणि कुंथताना पाठ दुखते, हे अनेकांना दुसरा रुग्णच पहिल्यांदा सांगतो.

काही प्रश्न तर लोक आम्हाला विचारतच नाहीत. पती-पत्नीचे संबंध केव्हा सुरू करायचे, हा त्यातला एक. सुनेकडून अंघोळ घालून घ्यायची लाज वाटणे, पगार बुडतो त्याची टोचणी, दिवसभर पडून राहिल्याने येणारे रडू, हे आणखी काही. ‘मलाही असंच व्हायचं’ हे वाक्य समदुःखी माणसाने म्हटले तर जे होते, ते मी म्हणून होत नाही.

आणि मिश्री किंवा तंबाखू सोडायची असेल तर सोबती जरूर शोधा. मणके जोडण्याच्या ऑपरेशननंतर निकोटिनमुळे हाड जुळायला अडथळा येतो, आणि रिकामा पडलेला माणूस तंबाखूकडे जास्त वळतो. रोज सकाळी एकमेकांना ‘आज नाही’ एवढे कळवणारे दोघे जण हे काम चांगले करतात.

सोबती कुठे मिळेल?

सर्वांत सोपा रस्ता म्हणजे तुमच्या सर्जनला किंवा फिजिओथेरपिस्टला विचारणे: ‘माझ्यासारखंच ऑपरेशन झालेला, बोलायला तयार असलेला कोणी आहे का?’ त्या व्यक्तीची परवानगी घेऊन ते जोडून देऊ शकतात. अनोळखी लोकांच्या मोठ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपेक्षा मला असे एक-दोन ओळखीचे आवाज जास्त भरवशाचे वाटतात.

ग्रुपमध्ये गेलातच तर आठवडाभर फक्त वाचा. कोणी तेल, गादी, पट्टा किंवा ‘हमखास’ काढा विकत असेल आणि चालक गप्प असेल, तर बाहेर पडा. एमआरआयचा फोटो टाकून ‘कोणी सांगेल का’ असे विचारू नका. त्यावर तुमचे नाव, वय आणि रुग्णालयाचा क्रमांक असतो, आणि रुग्णाला न तपासता नुसत्या फोटोवरून मत देणे डॉक्टरलाही जमत नाही.

ग्रुप वाचून जीव घाबरा झाला तर आणखी एक गोष्ट आठवा. जे बरे झाले ते कामाला लागले, त्यांनी ग्रुप उघडणेही सोडले. मागे राहिले ते ज्यांचे दुखणे लांबले ते. त्यांचे दुःख खरेच आहे, पण तिथले चित्र म्हणजे मणक्याच्या सगळ्या ऑपरेशनांचे चित्र नव्हे.

औषधांबद्दल मी कडक आहे. प्रीगॅबालिन किंवा गॅबापेन्टिन दुसऱ्याने एकदम बंद केले म्हणून तुम्ही करू नका; ती हळूहळू कमी करावी लागतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर त्यांचा डोसही वेगळा असतो. डायक्लोफेनॅकसारखी गोळी एकाला सोसते. रक्तदाब, अल्सर, किडनीचा त्रास किंवा रक्त पातळ करणारे औषध असलेल्या दुसऱ्याला तीच गोळी दवाखान्यात पोहोचवू शकते.

हे ग्रुपवर विचारू नका, थेट फोन करा

लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, गुदद्वार आणि जांघांच्या भोवतीचा भाग, म्हणजे सायकलच्या सीटवर टेकतो तो, बधिर होणे, पायात नव्याने अशक्तपणा येणे. यांत तासांना महत्त्व असते, उत्तराची वाट पाहू नका, रुग्णालय गाठा. एका पोटरीला सूज येऊन दुखणे, अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे, हेही तसेच. अशा वेळी १०८ ला फोन करा. ताप येणे, जखम लाल होणे, पू येणे, किंवा जखमेतून पाण्यासारखा स्राव आणि उठून बसले की वाढणारी डोकेदुखी असेल तर सर्जनला त्याच दिवशी कळवा. दुसऱ्या कोणी ग्रुपवर असे काही लिहिलेले दिसले तर ‘मलाही झालं होतं, जाईल’ असे म्हणू नका. ‘आत्ता फोन कर, मग मला सांग’ असे म्हणा.

तुम्ही आधार देणार असाल तर

त्यासाठी पूर्ण बरे होण्याची गरज नाही. महिनाभर पुढे असलात तरी मागच्या माणसाला तुमचा उपयोग होतो. बोलताना ‘तू असं कर’ ऐवजी ‘माझं असं झालं, माझं ऑपरेशन हे होतं’ असे बोला. समोरची व्यक्ती रडत असेल तर लगेच उपाय सुचवू नका. आधी ‘आज सगळ्यात अवघड काय गेलं?’ एवढेच विचारा. ‘काही नाही, हिंमत ठेव’ हे वाक्य प्रेमाने म्हटलेले असले तरी त्यानंतर समोरचा बोलणे थांबवतो.

स्वतःची मर्यादाही सांगून टाका: ‘मी संध्याकाळी सहा ते सात बोलू शकतो.’ तुमचीही पाठ अजून ताजी आहे. मान वाकवून तासन् तास टाइप करण्यापेक्षा चालता चालता आवाजी संदेश पाठवा, चालणेही होईल. रात्री कोणी ‘आता जगावंसं वाटत नाही’ असे म्हणाले तर तो भार एकट्याने उचलू नका. तिच्याशी किंवा त्याच्याशी बोलत राहा, घरच्या माणसाला कळवा आणि टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक द्या. भारत सरकारची ही सेवा २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास मोफत चालते आणि मराठीतही बोलता येते. जीव धोक्यात आहे असे वाटले तर क्रमांक देऊन थांबू नका. जवळ कोणीतरी माणूस पोहोचेल असे पाहा.

घरच्यांनीही आपला सोबती शोधावा. रात्री चार वेळा उठणाऱ्या पत्नीला किंवा मुलाला थकवा येतो, रागही येतो. तो रुग्णासमोर बोलता येत नाही, तसाच अनुभव असलेल्या दुसऱ्या घरात बोलता येतो.

आणि बरे झालात की ग्रुप सोडण्याआधी एक संदेश टाका: ऑपरेशन कोणते होते, किती महिने झाले, आता काय जमते, काय अजून जमत नाही. सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा एकदा टाका. पलंगावर पडून रात्री वाचणाऱ्या नव्या माणसाला तिथे बरा झालेला कोणीतरी दिसेल.